हुपरीकरांची गर्दी

बारशाला गेलेला माणूस बाळ बघतो. लग्नाला गेलेला माणूस नवरी बघतो, निदान जेवणाची रांग कुठे आहे ते बघतो. अरविंद हुपरीकर कुठेही गेले तरी आधी खुर्च्या बघतात. दारातच थांबतात, डावीकडून उजवीकडे एकदा सावकाश मान फिरवतात आणि शेजारी जो कोणी असेल त्याला समाधानाने सांगतात, "दोनशे तर सहज आहेत."

समोर चाळीस माणसं असतात. त्यात लहान मुलं आली आणि फोटोग्राफरही आला.

या माणसावर माझा राग आहे. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे सोनवणे शेठने मनात ठेवून लिहिलं असं नंतर कुणी म्हणायला नको. मनात ठेवलेलंच नाही, उघड घेऊन फिरतो. नेपरव्हिलमध्ये माझं किराणा दुकान आहे आणि मागच्या बाजूला फराळाचं, जेवणाचं किचन आहे. येवल्याहून आलो तेव्हा इथे कुणी काका-मामा नव्हता. गॅस स्टेशनवर रात्रपाळ्या केल्या, मोटेलच्या चादरी धुतल्या आणि आज शिकागोच्या पश्चिमेला कुणाकडे डोहाळजेवण निघालं की पहिला फोन मला येतो. घासाघीस हा माझा श्वास आहे. भाजीचा घाऊक व्यापारी मला पाहिलं की दुसऱ्या दाराने गोदामात जातो. अशा मला या माणसाने एका गुढीपाडव्याला उताणा पाडला.

हुपरीकर तेव्हा आमच्या मराठी मंडळाचे कार्यवाह होते. अजूनही आहेत, कारण दुसरं कुणी व्हायला तयार नाही. दुकानात आले आणि म्हणाले, "शेठ, पाडव्याला चारशे पानं धरा."

"नक्की चारशे?"

"साडेचारशे होतील. तुमची धावपळ नको म्हणून कमी सांगतोय."

मी चारशे माणसांचा चक्का टांगला. आली शंभर, आणि त्यातली निम्मी डाएटवर. ते श्रीखंड आम्ही घरी जूनमध्ये इथला उन्हाळा लागेपर्यंत खाल्लं. मंगल, म्हणजे माझी बायको, शेवटी शेवटी ते पराठ्यात भरायला लागली. मी तणतणत हुपरीकरांच्या घरी गेलो. ते शांतपणे म्हणाले, "शेठ, चारशे लोक जेवले ही बातमी पसरू द्या. मग पुढच्या वर्षी बघा."

पुढच्या वर्षी बघितलं. सत्तर आली. बाकीच्यांनी घरीच पुरणपोळी केली, कारण "मंडळात चारशे लोक असतात, पार्किंग मिळत नाही" असं सगळीकडे पसरलं होतं.

एवढं झाल्यावर एखाद्याने गर्दीचा नाद सोडला असता. हुपरीकरांनी त्याची नोकरी मिळवली.

आमच्यापासून पाऊण तासावर एक कॉलेज आहे. नाव लिहीत नाही. त्यांच्याकडे वकील आहेत आणि मला दुकान आहे. त्या कॉलेजचा फुटबॉलचा संघ आहे. भारतातल्या वाचकांसाठी सांगतो, इथल्या फुटबॉलमध्ये पायाचं काम फारसं नसतं. चेंडू हातात धरून पळायचं आणि बाकीच्यांनी पळणाऱ्याच्या अंगावर पडायचं, असा तो खेळ. दर शनिवारी सामना, मोठं स्टेडियम, बँड, झेंडे. आमच्या या कॉलेजचंही स्टेडियम मोठं आहे. मोठं तेवढंच आहे. संघ बहुतेक हरतो आणि बाकांवर कबुतरं बसतात.

हुपरीकर रिटायर झाले आणि वेळ जात नाही म्हणून या कॉलेजच्या तिकीट ऑफिसात अर्धवेळ लागले. त्याआधी सगळं आयुष्य एका कारखान्यात सुट्या भागांची मापं तपासण्यात गेलं होतं. केसाच्या जाडीइतका फरक सापडला तरी भाग परत पाठवायचा, असं काम. तिकीट ऑफिसात त्यांच्याकडे एकच महत्त्वाची गोष्ट आली: सामन्याला किती लोक आले तो आकडा जाहीर करणं.

"आयुष्यभर मायक्रॉनमध्ये बोललो, शेठ," ते मला म्हणाले. "आता जरा हात सैल सोडतो."

हात किती सैल सोडला ते मला तिथे स्टॉल टाकल्यावर कळलं. हो, मी तिथे स्टॉल टाकला. हुपरीकरांनीच सुचवलं, कॉलेजच्या वेबसाइटवर छापलेले उपस्थितीचे आकडे दाखवले आणि मी, चक्का टांगून बसलेला मी, पुन्हा त्याच माणसाच्या आकड्यावर भुललो. पहिल्या शनिवारी वडापाव घेऊन उभा राहिलो तर माझ्यासमोर दोन पोलीस, एक आजीबाई आणि मैदानभर वारा. तिसऱ्या सत्रात लाउडस्पीकरवर घोषणा झाली, की आजची उपस्थिती अमुक हजार. स्टेडियममधल्या माणसांनी सभ्यपणे एकमेकांकडे पाहिलं. उरलेली कुठे बसली आहेत ते शोधत असावीत. टाळ्या फक्त एका माणसाने वाजवल्या. तो तिकीट ऑफिसच्या पायरीवर उभा होता.

"हा आकडा येतो कुठून?" मी त्यांना पकडून विचारलं.

"विकलेली तिकिटं धरायची," ते बोटांवर मोजू लागले, "वाटलेली धरायची, वाटायची राहिलेली धरायची. मग बँड. नाचणाऱ्या मुली. दोन्ही संघ. ॲम्ब्युलन्सवाले. पार्किंगमध्ये बार्बेक्यू करतात ते."

"ते तर आत येतच नाहीत!"

"मनाने येतात."

"मलाही धरता का?"

"तुम्हाला दोनदा. तुम्ही सामान आणायला आत-बाहेर करता ना."

मी चिडलो की हुपरीकर समजावणीच्या सुरात येतात, आणि ते समजवायला लागले की माणूस आणखी चिडतो. त्यांचं म्हणणं असं, की हा सगळा खटाटोप भरतीसाठी आहे. देशभरच्या शाळांत सतरा-अठरा वर्षांची खेळणारी पोरं असतात आणि कॉलेजांचे कोच त्यांच्या मागे लागतात. मग पोरगं आईबापांना घेऊन कॉलेज बघायला येतं. थेट आपल्याकडच्या बघण्याच्या कार्यक्रमासारखं. गोडगोड बोलणं होतं, घर दाखवतात, म्हणजे हॉस्टेल, आणि शनिवारी मानाच्या जागी बसवून सामना दाखवतात.

"पोरगं खेळ बघत नाही, शेठ. लोक बघतं. आपण इथे खेळलो तर कोण बघणार, हे बघतं. आणि जी पोरं येत नाहीत ती फोनवर आकडा बघतात. स्कोअरच्या खाली छापलेला असतो. स्टेडियम रिकामं म्हटलं की चांगलं पोरगं फिरकत नाही. चांगलं पोरगं आलं नाही की संघ हरतो. संघ हरला की स्टेडियम रिकामं. हे चक्र कुठेतरी तोडायला हवं की नको?"

"आणि तुम्ही ते कुठे तोडता?"

"आकड्यात. तिथे सगळ्यात सोपं पडतं."

रिकामी खुर्ची दिसली की हा माणूस अस्वस्थ होतो. आमच्या दुकानात कधीतरी दुपारी शुकशुकाट असतो, तेव्हा हा उगाच दोनदा आत येतो आणि दोनदा बाहेर जातो. बाहेरून बघणाऱ्याला दुकान चालू दिसावं म्हणून. "सवय लावावी लागते लोकांना," असं म्हणतो. एवढे उपकार करून विकत काय घेतो, तर कोथिंबिरीची एक जुडी. तीही निवडून, आणि भाव कमी करून मागतो. माझ्याकडे!

वहिनी गेल्यापासून हुपरीकर एकटे राहतात. मुलगी केतकी व्हर्जिनियात, ॲशबर्नला, डेटा सेंटरमध्ये मोठ्या कामावर आहे. तिचा मुलगा ईशान. तिकडेच जन्मलेला, उंच, हाडकुळा, आजोबांना आबा म्हणणारा आणि त्यापुढे सगळं इंग्रजीत बोलणारा. लहानपणापासून सॉकर खेळला, म्हणून शाळेच्या फुटबॉल संघात त्याला किकर केलं. सगळ्या संघात चेंडूला खरोखर पायाने मारणारा एक माणूस असतो, तो हा. दोन खांबांच्या मधून चेंडू लांबवर मारायचा, एवढंच काम. ईशान ते चांगलं करायचा. इतकं चांगलं की शाळेच्या शेवटच्या वर्षी त्याला दोन कॉलेजांकडून बोलावणं आलं.

एक दक्षिणेतलं मोठं कॉलेज. तिथे शनिवारी सामना असला की गावातले लोक लग्नाचे मुहूर्त पुढे ढकलतात. आणि दुसरं आमचं. कबुतरांचं.

त्या दिवसापासून हुपरीकर माणसात राहिले नाहीत. पोरगा इथे आला तर चार वर्षं त्यांच्यापासून पाऊण तासावर राहणार होता. शनिवारी त्याचा सामना, रविवारी हा त्याला घरी आणून वरणभात घालणार. खालच्या मजल्यावरच्या खोलीत त्यांनी लांब पलंगसुद्धा आणून टाकला. पोरगा उंच आहे, पाय बाहेर यायला नकोत. मी म्हटलं, "अहो, अजून त्याने हो कुठे म्हटलंय?"

"म्हणेल," हुपरीकर म्हणाले. "ऑक्टोबरच्या शेवटच्या शनिवारी बघायला येतोय. त्या दिवशी स्टेडियम भरलेलं पाहिजे. शेठ, सातशे धरा."

"काय सातशे?"

"माणसं. मंडळाचा दिवाळी फराळ यंदा स्टेडियमवर करतोय. पार्किंगमध्ये फराळ आणि आत फुकट सामना."

"हुपरीकर, श्रीखंड आठवतंय?"

"ते सणाचं होतं. हे नातवाचं आहे."

"दीडशे."

"सहाशे."

"दोनशे, आणि ताक नाही."

"शेठ, साडेपाचशे. माझ्याकडे बघून."

"तुमच्याकडे बघूनच दोनशे म्हणतोय!"

शेवटी तीनशेवर तोडलं. आयुष्यात मी कांद्याची केली, मैद्याची केली, फ्रीजची केली, पण जिवंत माणसांची घासाघीस तेवढी पहिल्यांदाच केली.

मग तीन आठवडे हुपरीकरांनी फोन लावले. शॉम्बर्गपासून ऑरोरापर्यंत एकही मराठी घर सुटलं नाही. शिकायला आलेल्या पोरांना फुकट चकलीचं आमिष दाखवलं. ज्यांच्याशी भांडण होतं त्यांच्या घरी जाऊन भांडण मिटवलं. दरम्यान कॉलेजच्या कोचने मला बोलावून बजावलं, की बघायला आलेल्या खेळाडूला बाहेरच्या कुणी फुकट काही द्यायचं नाही, नियम आहे. मी म्हटलं, साहेब, मी आजवर कुणालाच फुकट काही दिलेलं नाही, तुम्ही निर्धास्त राहा.

तो शनिवार उजाडला आणि काय सांगू, माणसं आली. खरोखर आली. जरीचे काठ जॅकेटच्या खालून डोकावतायत, पोरांनी कुडत्यावर लोकरी टोप्या घातल्यात, गाड्यांमागून गाड्या लागतायत. तीनशे सहज असतील. हुपरीकरांच्या तोंडून हे वाक्य मी शंभरदा ऐकलं होतं, ते पहिल्यांदाच खरं ठरत होतं आणि ते ऐकायला त्यांना वेळ नव्हता. ते ईशान आणि केतकीला मानाच्या जागी बसवायला गेले होते.

फक्त एक झालं. माणसं पार्किंगमध्येच राहिली.

फराळ पार्किंगमध्ये, ओळखीचे लोक पार्किंगमध्ये, आणि आत एक न कळणारा खेळ. कोण जाणार? आत गेले फक्त दहा-बारा जण, आणि ते कशाला गेले, तर जागा धरायला. आपल्या माणसाला मोकळं बाक दिसलं की हात आपोआप खिशातल्या रुमालाकडे जातो. ईशान बसला होता त्याच्या बरोबर समोरच्या बाजूच्या सगळ्या चांगल्या रांगा या मंडळींनी धरून टाकल्या. ओढण्या अंथरल्या, शाली पसरल्या, रुमाल संपल्यावर थर्मास ठेवले. एकाने तर डाव्या पायातला बूट ठेवला. कॉलेजची पोरंपोरी बसायला आली की कुलकर्णी काकू उभ्या राहून हात आडवे करायच्या, "नो नो! फॅमिली इज कमिंग!"

फॅमिली माझ्यासमोर उभी राहून अनारसे खुसखुशीत झाले नाहीत असं सांगत होती.

म्हणजे एरवी जी थोडीफार विद्यार्थी मंडळी तिथे बसायची, तीही उठून गेली. इतक्या वर्षांत त्या स्टेडियमची ती बाजू एवढी रिकामी कधी नव्हती. रिकामी, आणि वर रंगीबेरंगी.

हुपरीकर धावत माझ्याकडे आले. थंडी चावत होती आणि या माणसाच्या कपाळावर घाम.

"शेठ, फराळ बंद करा!"

"बंद केला तर मारामारी होईल. अजून शंकरपाळे उघडायचेत."

"पोरगा समोर ओढण्या बघत बसलाय हो! मला विचारतो, आबा, इज इट लॉन्ड्री?"

"मी काय करू?"

"फराळ आत न्या. वरच्या रांगेत. तुम्ही जिथे जाल तिथे लोक येतील."

एवढे मोठमोठे डबे पायऱ्या चढून वर न्यायचे! पण मला दिसलं, की आज हा माणूस कुठल्याही भावाला तयार आहे. मी म्हटलं, "एक अट. यापुढे मंडळाच्या जेवणाचा आकडा मला खरा सांगायचा."

"सांगतो."

"वहिनींची शपथ?"

"शेठ, डबे उचला!"

शपथ घेतली नाही, हे माझ्या तेव्हाच लक्षात यायला हवं होतं. मी डबा डोक्यावर घेतला. मंगलने चकल्या घेतल्या. आम्ही गेटमधून आत शिरलो आणि मागे वळून पाहिलं तर अख्खं मंडळ हातात कागदी बशा घेऊन आमच्यामागे पायऱ्या चढत होतं. दहा मिनिटांत ती बाजू भरली. रुमालांच्या जागी माणसं बसली, बूटवाल्याला बूट मिळाला.

आणि मग आवाज सुरू झाला. आपल्या लोकांना खेळ कळत नव्हता, पण आवाज कसा करायचा ते शिकवावं लागत नाही. कुणीही पळालं की टाळ्या. समोरच्या संघाने गुण मिळवला तरी टाळ्या, "छान पळाला हो." इथली पद्धत अशी, की समोरच्यांचा किकर चेंडू मारायला आला की घरच्या लोकांनी आरडाओरडा करायचा म्हणजे तो बिचकतो, आणि आपला आला की चिडीचूप बसायचं. हुपरीकरांनी हे सगळ्यांना रांगेरांगेत जाऊन समजावलं. समोरच्यांचा किकर आला. मंडळ शांत. "लहान दिसतोय हो," कुलकर्णी काकू म्हणाल्या, "कुणाचं तरी लेकरूच ते." चेंडू सुरेख खांबांमधून गेला. मग आपला किकर आला. अख्ख्या बाजूने एका दमात आरोळी ठोकली, "गणपती बाप्पा..." आणि त्यापुढचा 'मोरया' असा उठला की कबुतरं कायमची गेली असतील. त्या पोराचा चेंडू खांब सोडून थेट बँडच्या ढोलात.

संघ नेहमीप्रमाणे हरला. पण स्टेडियमची ती बाजू भरली होती, गर्जत होती, आणि ईशान उभा राहून ते बघत होता. तिसऱ्या सत्रात उपस्थितीची घोषणा झाली. एवढ्या वर्षांत त्या दिवशी पहिल्यांदा खरा आकडा सांगण्यासारखा होता, तरी हुपरीकरांनी तो दुप्पट केला. हात वळलेला असतो एकदा.

सामना संपल्यावर ते तिघे माझ्या स्टॉलवर आले. केतकी, ईशान आणि मधे हुपरीकर, नवरदेवासारखे. ईशानने चकली घेतली. कोच लांबून बघत होता, म्हणून मी पैसे घेतले. कोच नसता तरी घेतले असते.

"आबा," ईशान म्हणाला, "इज इट लाइक धिस एव्हरी सॅटर्डे?"

हुपरीकर नुसते हसले.

केतकी म्हणाली, "बाबा, तो खरंच विचारतोय. त्याला गोंगाटाची भीती वाटते. शाळेत मोठी मॅच असली की दोन-दोन किक हुकतात. तिकडचे कोच म्हणाले, आवाजात मारायला शिकलास तरच तुझं पुढे काही होईल. पण याला वाटतंय, इथेही दर शनिवारी एवढा आवाज असेल तर इथेच शिकता येईल."

"अँड आय गेट टु बी निअर यू," ईशान म्हणाला आणि चकलीकडे बघत राहिला.

मी धंद्यातला माणूस आहे. सौदा कधी झाला ते मला गिऱ्हाइकाच्या आधी कळतं. त्याचा हात पिशवीकडे गेलेला असतो. आपण फक्त मान हलवायची असते, एक शब्द जास्त बोलायचा नसतो. केतकीच्या पाठीमागून मी हुपरीकरांना खुणा करत होतो. हो म्हणा, हो म्हणा! आणि हो म्हणण्यात या माणसाला अडचण ती काय? चाळिसाला दोनशे म्हणणारा माणूस!

हुपरीकरांनी वर पाहिलं. आमची मंडळी ओढण्या झटकून घड्या घालत होती, उरलेला चिवडा पिशव्यांत भरत होती.

"नाही रे," ते म्हणाले.

"व्हॉट?"

"हे लोक इथे येत नाहीत. तुझ्यासाठी आणलेत मी, घरोघर फोन करून. एरवी पाचशे असतात. पाऊस पडला की तेही नाहीत. आणि तू फोनवर तो आकडा बघतोस ना, तो मी लिहितो."

"यू मेक इट अप?"

"हो."

"बाबा!" केतकी म्हणाली.

"आवाजात मारायला शिकायचंय ना तुला? मग तिकडे जा. तिकडचा आवाज खरा आहे. इथे चार वर्षं कबुतरांसमोर चेंडू मारशील, आणि मी तुला दर शनिवारी सांगत राहीन की हाउसफुल्ल होतं." त्यांनी पोराच्या जॅकेटची चेन गळ्यापर्यंत वर ओढली. "चला. तुझ्या आईला थंडी वाजतेय."

मायलेक विमानतळाकडे गेले आणि मी हुपरीकरांवर तुटून पडलो. "अहो, सौदा झाला होता! पोरगं स्वतःहून हो म्हणत होतं! आयुष्यभर वाट्टेल ते आकडे ठोकलेत, माझा चक्का नासवलात, आणि जिथे एक मान हलवायची तिथे सत्यवादी झालात? मी तुमच्या जागी असतो तर पोराला इथेच सही करायला लावून कागद खिशात घातला असता!"

"माहितेय," ते म्हणाले. रिकामा डबा उचलून त्यांनी माझ्या गाडीत ठेवला. "पण त्याची चार वर्षं आहेत ती, शेठ. ती कशी फुगवून सांगू?"

ईशान दक्षिणेत गेला. कुलकर्णी काकूंना अजून वाटतं, की अनारशांमुळे गेला.

आता वाचणाऱ्याची समजूत होईल, की या प्रसंगानंतर हुपरीकर सुधारले. अजिबात नाही. संक्रांतीला दुकानात आले. "शेठ, अडीचशे." मी अटीची आठवण दिली. म्हणाले, "म्हणून तर अडीचशे. एरवी चारशे म्हटलं असतं." साठ आले. तिळगूळ मी अजून डब्यात ठेवून आहे, पुरावा म्हणून. कॉलेजच्या स्कोअरखालीही अजून तसलेच आकडे छापून येतात, आणि माझा स्टॉल मी बंद केला.

पण शनिवारी हुपरीकरांनी कॉलेजकडून सुटी मागून घेतली आहे; आकडा ते शुक्रवारीच लिहून देतात. दक्षिणेतल्या त्या कॉलेजचा सामना असला की ते माझ्या दुकानात येतात. काउंटरच्या वर टीव्ही आहे. तो मी क्रिकेटसाठी लावला आहे, पण त्या दिवशी तो त्यांचा. घरी टीव्ही नाही असं नाही. माझ्या टीव्हीपेक्षा मोठा आहे. त्याबद्दल मी कधी विचारलं नाही आणि त्यांनी कधी सांगितलं नाही. स्टूल ओढून बसतात. मंगल चहा देते. चहाचे मी घेत नाही, पण ते कोथिंबीर घेतल्याशिवाय जात नाहीत.

ईशान पहिल्या वर्षाला आहे. त्यांचा पहिला किकर दुसराच आहे, त्यामुळे हा खेळत नाही. हेल्मेट काखेत धरून मैदानाच्या कडेला उभा असतो, शेदोनशे पोरांच्या घोळक्यात. दिसला तर एखाद्या क्षणापुरता, कुणाच्या तरी खांद्यामागे.

आणि ते स्टेडियम! मी धंद्यात एवढी वर्षं काढली, असं गिऱ्हाईक बघितलं नाही. डोंगराएवढ्या उंच रांगा, त्या एकाच रंगाने भरलेल्या, माणसाला माणूस चिकटलेला. एक खुर्ची रिकामी नाही. तिथे आकडा फुगवायला जागाच नाही. तोंडं रंगवलेली माणसं, पोरं खांद्यावर घेतलेले बाप, नाचणाऱ्या म्हाताऱ्या. टीव्हीवाल्यांना तर ही गर्दी इतकी आवडते की ते खेळ सोडून तीच दाखवतात. पहिल्या शनिवारी मला वाटलं, हुपरीकर आता सुखाने स्टुलावरून खाली पडणार. या माणसाने जन्मभर जे बघायचं म्हटलं ते सगळं समोर होतं, आणि खरं होतं.

दुकानात तीन-चार गिऱ्हाइकं होती. टीव्हीवर कोच कुणावर तरी ओरडत होता आणि त्याच्या पाठीमागे एक उंच, हाडकुळं पोरगं दिसायला लागलं. कान दिसला, मग अर्धा खांदा. हुपरीकर स्टुलावरून उठले. एवढ्यात कॅमेरा वळला आणि पुन्हा ती गर्दी आली. रांगाच्या रांगा, हात हलवणारी हजारो माणसं.

हुपरीकरांनी काउंटरवर थाड्‌कन हात आपटला. तुरीच्या डाळीची पाकिटं हलली.

"अरे माणसं काय दाखवताय सारखी!" ते टीव्हीवर ओरडले. "माणसं बघितली आम्ही! पोरगा दाखवा ना!"

एक बाई कार्ड पुढे करून उभ्या होत्या, त्यांना मी म्हटलं, ताई, जरा थांबा. रिमोट उचलला आणि टीव्हीच्या अगदी जवळ जाऊन उभा राहिलो, जणू माझ्या बटणाने तिकडचा कॅमेरा वळणार होता.